भंगारात निघालेल्या मागांचे बाक करावेत : इचलकरंजीच्या आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
इचलकरंजी महानगरपालिका यांस,

सविनय नमस्कार.

विठ्ठलराव दातार यांनी श्रीमंत नारायणराव घोरपडे यांच्या पाठबळावर १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे धोतर, पॉपलीन, केंब्रिक विणत या गावाचे शहर झाले. आता रेपियर आणि एअरजेट हे बिनधोट्याचे वेगवान माग येत आहेत आणि साधे माग किलोच्या भावाने भंगारात चालले आहेत. नवे यंत्र येऊ नये असे माझे म्हणणे नाही. मात्र ज्या यंत्रावर शहर उभे राहिले, ते एकही न ठेवता वितळवले जावे, हे मला मान्य नाही.

माझी विनंती अशी, की महापालिकेने असे काही माग भंगाराच्याच दराने विकत घेऊन त्यांचे रंगवलेले बाक करावेत आणि ते बागांत, बसथांब्यांजवळ व पंचगंगेच्या घाटावर ठेवावेत. मागाच्या दोन्ही बाजूंचे सांगाडे बिडाचे असतात. त्यांचे वजनच एवढे, की बाक सहजी हलणार नाही. बीड वेल्डिंग करताना तडकते, म्हणून सांगाड्याला मुळातच असलेल्या छिद्रांतून नटबोल्टने फळ्या बसवाव्या लागतील. बैठक लाकडाचीच हवी, कारण एप्रिलच्या उन्हात लोखंडावर कोणी बसू शकणार नाही. वर्षानुवर्षांचे तेल आणि रुईची पुटे नीट खरवडून, रेड ऑक्साईडचा हात दिल्यावरच वरचा रंग टिकेल. या कामात ठेकेदाराला घाई करू देऊ नये.

रंगकाम कोल्हापूरच्या कला महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडे सोपवावे, पण त्याआधी त्यांनी एखादी पाळी मागखात्यात उभे राहून काढावी, म्हणजे फुलापानांऐवजी आडवा धागा नेणारा धोटा, ताणा गुंडाळलेला बीम आणि ताण्याचे उभे धागे त्यांच्या हातून उतरतील. बाकांवर देणगीदारांची नावे घालू नयेत. त्याऐवजी जॉबर (माग दुरुस्त करणारा), वहिफणीवाला (ताण्याचे धागे वही-फणीतून ओवणारा), कांडीवाली, घडीवाला अशी कामांची नावे असावीत. त्यातही कांडीवालीचे नाव आधी, कारण कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरणाऱ्या बायांची आठवण या शहरात फारच कमी वेळा काढली जाते.

माझे वडील बारा-बारा तासांच्या पाळीत मागांपुढे उभे राहिले. चालत्या मागापुढे बसायची सोय नसते. धागा तुटला की जोडायचा, कांडी संपली की बदलायची. त्यांच्या पिढीतले अनेकजण आज गुडघे धरून चौकात टेकायला जागा शोधतात. त्या माणसांना त्याच लोखंडावर निवांत बसता यावे, एवढ्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या घरामागच्या शेडमध्ये चार साधे माग बंद पडून आहेत. भंगारवाला दोनदा येऊन गेला. त्यांतील दोन माग मी महापालिकेला विनामूल्य देईन. आपल्या बांधकाम विभागाने माणूस पाठवून ते पाहून जावेत, तोवर मी ते विकणार नाही.

आपला,
इचलकरंजीतील एक यंत्रमागधारक