गेमचंही परीक्षण छापा, सुरुवात 'टायटनफॉल २'पासून करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नव्या सिनेमाला अडीच तारे द्यायचे की तीन, यावर अर्धं पान खर्ची पडतं. व्हिडिओ गेमचं नाव मात्र पोरगं नापास झालं किंवा आईच्या खात्यातून परस्पर पैसे गेले की मगच छापून येतं. त्यावरही माझी तक्रार नव्हती. पण 'गोळीबाराचे सगळे गेम एकाच साच्यातले, दुसरा भाग म्हणजे पहिल्यावर नवा रंग' असं मागच्या रविवारी वाचलं आणि राहवलं नाही. माझा शिवाजी उद्यमनगरात छोटा मशीन शॉप आहे. साच्यातला जॉब, म्हणजे घडवायचा सुटा भाग, आणि हातानं बसवलेला जॉब यातला फरक आम्हाला लांबूनही कळतो.

'टायटनफॉल'चा पहिला भाग मार्च २०१४ मध्ये आला. 'कॉल ऑफ ड्यूटी' हा गोळीबाराचा गाजलेला गेम घडवणारी काही मंडळी बाहेर पडली, त्यांनी रिस्पॉन हा स्टुडिओ काढला, त्यांचा हा पहिला गेम. भिंतीवरून धावणारा पायलट आणि त्यानं हाक मारली की आभाळातून कोसळणारा, आत बसून चालवायचा अजस्र यंत्रमानव, म्हणजे टायटन. कल्पना झकास होती, पण एकट्यानं खेळायला धड कथाच नव्हती. प्लेस्टेशन हे सोनीचं गेमयंत्र वापरणाऱ्यांना तो मिळालाच नाही, आणि नंतरचे नकाशे, म्हणजे ऑनलाइन लढायची नवी मैदानं, पैसे मोजून घ्यावे लागत. त्यामुळे ज्याच्याकडे नकाशा आहे तो एकीकडे आणि नाही तो दुसरीकडे, अशी खेळाडूंची फाटाफूट झाली.

२८ ऑक्टोबर २०१६ ला दुसरा भाग आला तो या तिन्ही गोष्टी दुरुस्त करून. स्वतंत्र कथा दिली, प्लेस्टेशन ४ वर आणला, पुढचे नकाशे फुकट दिले. याला नवा रंग म्हणत नाहीत. गिऱ्हाइकानं परत पाठवलेला जॉब कारागिरानं मुकाट्यानं नीट करून दिला, असं म्हणतात.

कथा साधी आहे. जॅक कूपर हा पायदळातला साधा रायफलवाला. त्याचा कॅप्टन लढाईत पडतो आणि कॅप्टनचा टायटन, बीटी-७२७४, जाता जाता कूपरकडे येतो. बीटीला तीन आज्ञा ठाऊक: पायलटशी जोडून घे, मोहीम पार पाड, पायलटला वाचव. कूपर थट्टेनं काही म्हणाला तरी बीटी ते शब्दशः घेतो आणि गंभीरपणे उत्तर देतो. मधे एकदा तो कूपरला उचलून चक्क दरीपलीकडे फेकतो, आणि फेकण्याआधी 'विश्वास ठेव' एवढंच म्हणतो. लोखंडाच्या त्या धुडावर माझा जीव जडला, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. शेवट सांगत नाही, पण तिसरी आज्ञा लक्षात ठेवा.

खरी करामत मात्र रचनेत आहे. प्रत्येक टप्प्यावर एक नवी युक्ती हातात येते आणि तिचा कंटाळा यायच्या आत काढून घेतली जाते. एका टप्प्यात आपण एका प्रचंड कारखान्यात जाऊन पडतो. तिथे घरं तयार होताहेत. भिंतींचे आणि जमिनीचे अख्खे तुकडे कन्व्हेयरवरून येतात, यंत्रांचे हात ते उचलतात, फिरवतात, एकमेकांत बसवतात. आत्ता पायाखाली होती ती जमीन उभी राहते आणि आपण तिच्यावरून भिंतीसारखे पळत सुटतो. थांबला तो संपला, हे इथे अक्षरशः खरं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शत्रू सोडून तुकडा धरून ठेवणारं फिक्स्चर कुठे पकडतंय, तुकडा कुठे वळतोय, हेच बघत राहिलो आणि दोनदा मेलो. पुढे कळतं की ही नकली वस्ती सैनिकांच्या सरावासाठी आहे, आणि डोळ्यांदेखत जोडलेल्या त्याच घरांमध्ये शेवटी आपल्याला लढावं लागतं. सेट उभा करणारा आणि त्यावर कथा चालवणारा, दोघे एकमेकांशी बोलले आहेत हे दिसतं. आपल्या मोठ्या बजेटच्या सिनेमांत हे किती वेळा दिसतं, आपल्या परीक्षकांनीच सांगावं.

दुसरा एक टप्पा तर नादखुळा. मनगटावर एक यंत्र येतं. बटण दाबलं की त्याच प्रयोगशाळेच्या दोन काळांत उडी मारता येते. एका काळात सगळं शाबूत आणि पहारेकरी उभे, दुसऱ्यात पडझड, आग आणि हिंस्र जनावरं. वाट आगीनं अडली की जुन्या काळात जायचं, शिपाई मागे लागले की परत यायचं. पुढे तर हवेत असतानाच काळ बदलावा लागतो, कारण धावायची भिंत एकाच काळात उभी आहे. टप्पा संपतो तसं यंत्रही जातं. एवढ्या भांडवलावर दुसऱ्या कुणी अख्खा गेम रेटला असता.

दोषही सांगतो, नाहीतर जाहिरात वाटेल. कथा सहाएक तासांत आटोपते. खलनायक येतात, धमकी देतात आणि मरतात, लक्षात राहात नाहीत. पायी पळतानाची मजा टायटनमध्ये बसल्यावर थोडी जड होते. ऑनलाइन खेळात टायटनची ढाल आता आपोआप भरून येत नाही, त्यासाठी बॅटरी पळवून आणावी लागते. पहिल्या भागाच्या जुन्या खेळाडूंना हे रुचलं नाही. मला रुचलं, कारण त्यामुळे पायी फिरणाऱ्यालाही काम उरतं. रक्तपात आहेच. अमेरिकेत या गेमला १७ वर्षांवरील वयोगटाचा शिक्का आहे आणि तो योग्य आहे. आठवीतल्या पोराला हा गेम घेऊन देऊ नये.

एवढं सगळं जमूनही विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. कारण तारीख. आधीच्या आठवड्यात 'बॅटलफील्ड १', पुढच्या आठवड्यात नवा 'कॉल ऑफ ड्यूटी'. त्यातला 'बॅटलफील्ड' तर याच्याच प्रकाशकाचा, ईएचा (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स). घरच्याच दोन पैलवानांना एकाच फडात सोडलं! पुढे २०१९ मध्ये त्याच विश्वातला 'एपेक्स लेजंड्स' फुकट आला आणि तुफान चालला, पण त्यात टायटन नाहीत. तिसऱ्या भागाची आम्ही वाट बघत बसलो आहोत.

बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्या गावात निघणाऱ्या पुरवणीला यंत्रातून घडलेली कला परकी वाटू नये. राजारामपुरीतल्या गेमिंग कॅफेत शनिवारी संध्याकाळी जाऊन बघा, आपले वाचक तिथे बसलेले असतात. महिन्यातून एक परीक्षण छापा. जागेची अडचण असेल तर राशिभविष्य चार ओळींनी कमी करा, कुणाची साडेसाती त्यानं वाढणार नाही. लिहिणाऱ्याला फक्त एक अट घाला, गेम स्वतः पूर्ण खेळलेला असावा.

आपला,
एक वर्गणीदार वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर