चि. बाळास, मुंबईतल्या छोट्या मैफलींविषयी

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या लोलापलूझा या संगीत महोत्सवाविषयी भरभरून बोललास, ते ऐकून मला मनापासून आनंद झाला. गाण्यासाठी दिवसभर उन्हातान्हात उभे राहण्याची हौस माझ्याकडूनच तुझ्यात उतरली असावी, असे तुझे बाबा म्हणतात आणि ते खरेच आहे. पण बोलता बोलता तू दोन गोष्टी सहज सांगून गेलास. दुपारी आपल्याकडचेच बँड वाजवत होते म्हणून तू दिवे लागल्यावर आत गेलास. आणि एवढा भव्य कार्यक्रम पाहिल्यानंतर आता परळ-वांद्र्याच्या लहान जागांमध्ये जावेसे वाटत नाही. या दोन्ही गोष्टी माझ्या मनातून जाईनात. फोनवर असे विषय नीट बोलले जात नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

परदेशी बँड वर्षातून एकदा येतो, वाजवतो आणि विमानात बसून निघून जातो. तो ऐकायला तू अवश्य जा. त्यासाठी पैसे साठवलेस तरी माझी हरकत नाही. मात्र शहराचे स्वतःचे संगीत त्या एका रात्रीत तयार होत नाही. ते मंगळवार-बुधवारी, दीडदोनशे माणसांपुढे, नव्या गाण्याची चाल अजून पुरती बसलेली नसताना तयार होते आणि तिथे श्रोता हजर असावा लागतो. तुला मी जे सांगू इच्छिते ते एवढेच आहे, पण त्यामागे मुंबईचा चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला काही भाग मी स्वतः उभी राहून पाहिलेला आहे.

धोबी तलावाचे रंगभवन तू फक्त बंद फाटकाच्या रूपात पाहिले आहेस. आमच्या कॉलेजच्या दिवसांत ते खुले नाट्यगृह म्हणजे मुंबईतल्या रॉक ऐकणाऱ्या मुलांचे घरच होते. १९८६ साली 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक बँडांचा महोत्सव सुरू झाला, ज्याला सगळे नुसते 'आय-रॉक' म्हणत. नावाप्रमाणे तो स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास होई, म्हणजे ऐन पावसात, आणि डोक्यावर छप्पर नसतानाही कोणी हलत नसे. लालबागहून आम्ही मैत्रिणी बसने जात असू. घरी मात्र रॉकचा कार्यक्रम म्हटले की आईच्या कपाळाला आठ्या पडत.

त्या काळच्या श्रोत्यांचा एक दोष तुला ठाऊक असायला हवा. बहुतेकांना इंग्लंड-अमेरिकेतल्या नामांकित बँडांची गाणी हुबेहूब हवी असत आणि एखाद्या बँडने स्वतःचे गाणे सुरू केले, की मागून आरडाओरडा सुरू होई. अशा वातावरणात १९८४ साली स्थापन झालेल्या 'रॉक मशीन'ने स्वतःची गाणी वाजवण्याचा हट्ट धरला आणि १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. उदय बेनेगलचा आवाज आणि महेश तिनईकरची गिटार यांचे आम्हांला जे अप्रूप होते, ते केवळ वाजवण्यातल्या सफाईसाठी नव्हते. आपल्या शहरात, आपल्यासारख्याच घरांत वाढलेली ही मुले कोणाची नक्कल न करता उभी राहिली होती, याचा आम्हांला अभिमान वाटे. पुढे १९९३ मध्ये त्याच बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. आज तुझ्या फोनमध्ये भारतीय बँडांची जी शेकडो स्वतंत्र गाणी आहेत, त्यांची वाट त्या हट्टातून निघाली, असे माझे ठाम मत आहे. बेंगळुरूचा 'थर्मल अँड अ क्वार्टर' १९९६ पासून स्वतःचीच गाणी घेऊन उभा आहे, तोही याच जिद्दीचा.

रंगभवन बंद का पडले, हेही समजून घे, कारण आजची परिस्थिती त्यातून आलेली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचे किमान १०० मीटर हे शांतता क्षेत्र ठरले, आणि रंगभवनाच्या शेजारी तर रुग्णालयही आहे व महाविद्यालयही. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आली. वर्षातले फार तर पंधरा दिवस राज्य सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. हा नियम फक्त गिटारवाल्यांसाठी आला असे समजू नकोस. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्रभर चालणाऱ्या आणि पहाटेच्या रागांनी संपणाऱ्या मैफलीही याच नियमाने थांबल्या. आजारी माणसाची झोप गाण्यापेक्षा मोठी आहे, याबद्दल माझे दुमत नाही. मला खंत वाटते ती याची, की रंगभवनाला कुलूप लावताना या एवढ्या मोठ्या शहराने विद्यार्थ्यांना परवडेल असे दुसरे खुले व्यासपीठ उभारले नाही. आय-रॉक नंतर जागा बदलत राहिला, २०१३ नंतर थांबला आणि २०२२ मध्ये माझगावला पुन्हा भरला. परंतु रोजच्या गाण्यासाठी जी हक्काची जागा लागते, ती काही परत आली नाही.

त्यामुळे गाणे बंद दारांआड गेले, आणि बंद दारांमागची ही जागा बहुतेक वेळा मद्यालयाची असते. आपल्या राज्यात बिअरसाठी एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षांची अट आहे. साहजिकच अशा जागांच्या दारावर वय विचारले जाते आणि ज्या वयात आम्ही रंगभवनात भिजत उभ्या होतो, त्या वयाच्या मुलांना आज बरेचदा बाहेरूनच परतावे लागते. शिवाय जागेचा मालक हिशोब मांडतो तो खाण्यापिण्याच्या विक्रीचा. ज्या रात्री लोक बँड ऐकायला येतात पण पाणी पिऊन घरी जातात, ती रात्र त्याला तोट्याची वाटते. हे चूक आहे असे मी म्हणणार नाही, भाडे त्यालाही भरायचे असते. पण तिकीट घेऊन, वेळेवर येऊन, शेवटपर्यंत ऐकणारा श्रोता नसेल, तर त्या जागी पुढच्या महिन्यात बँडऐवजी डीजे येतो, हे तू लक्षात ठेव.

लोअर परळच्या मथुरादास मिलमध्ये २००७ साली 'ब्लू फ्रॉग' सुरू झाले, तेव्हा मुंबईतल्या वादकांना प्रथमच उत्तम ध्वनियंत्रणा असलेली, गाण्यासाठीच बांधलेली जागा मिळाली होती. तिथे वाजवायला मिळणे म्हणजे बँडच्या दृष्टीने मोठा मान होता. २०१६ मध्ये मुंबईतली ती जागा बंद झाली. आज तू गिरण्यांच्या आवारातल्या 'अँटीसोशल'सारख्या ठिकाणी जातोस, ती त्याच परिसरातली पुढची पिढी म्हणायची. माझे वडील १९८२ च्या संपापर्यंत परळमध्येच एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, हे तुला माहीत आहे. त्या आवारांत तू आनंदाने जा, गाणी ऐक. फक्त त्या भिंती कोणाच्या श्रमांच्या आहेत याची जाण असू दे.

आणि तिथे पोचलास की पहिल्यांदा बाहेर पडायचा दुसरा रस्ता शोधून ठेवत जा. २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवर लागलेल्या आगीत चौदा माणसे गेली, त्यांत बहुतेक तुझ्यासारखी तरुण मुले-मुली होती. बाहेर पडायची वाट सामानाने अडलेली दिसली, तर तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, तू तिथे थांबू नकोस.

आता पैशांचे बोलू. पाचशे-सहाशे रुपयांचे तिकीट तुला महाग वाटते असे तू म्हणालास. समज, एका लहान जागेत १५० जणांनी पाचशेचे तिकीट घेतले, तर ७५,००० रुपये जमतात. त्यातून जागेचा वाटा, तिकीट-ॲपचे कमिशन, साउंड इंजिनिअरचे मानधन, बेंगळुरूहून आलेल्या चौघांचा वाद्यांसकट प्रवास आणि दोन रात्रींचे राहणे एवढे वजा केले, की उरलेल्या रकमेचे चार भाग करायचे. स्ट्रीमिंगवर एकेका ऐकण्यामागे मिळणारी रक्कम अगदीच क्षुल्लक असते, म्हणून वादकाची भिस्त या मैफलींवर आणि दाराशी विकल्या जाणाऱ्या टी-शर्टांवर असते. ओळखीतून फुकट आत जाण्याची जी पद्धत तुझ्या मित्रांमध्ये आहे, ती मला मुळीच पसंत नाही. बँडमधला मुलगा तुझ्या ओळखीचा असेल, तर त्याचे तिकीट तू सर्वांत आधी घ्यायला हवेस.

मुख्य बँडच्या आधी जो नवा बँड वाजवतो, त्याच्यासाठी वेळेवर पोचत जा. रेसकोर्सवर दुपारी ज्यांना तू सोडून दिलेस, त्यांच्यातलाच एखादा बँड उद्या बाहेरच्या देशांत तिकिटे विकेल. दिल्लीच्या 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी'ने ते करून दाखवले आहे, आणि सुरुवातीच्या काळात तेही लहानशा खोल्यांतच वाजवत होते. पुण्याला गेलास तर 'ईझी वॉन्डरलिंग्ज' कुठे वाजवत आहेत ते पाहा, त्यांच्या गाण्यांतला ठेहराव तुला आवडेल. आणि 'अभंग रिपोस्ट' हा बँड तर प्रत्यक्ष समोर उभे राहून ऐकायलाच हवा. तुकोबांचे शब्द ड्रम आणि बेस गिटारवर ऐकताना आजीला खटकेल असे मला वाटले होते; तिने मात्र अख्खे गाणे डोळे मिटून ऐकले आणि दुसरे लावायला सांगितले.

गेल्या वर्षी तू मला परळला घेऊन गेला होतास, तेव्हाचा एक प्रसंग तुझ्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे. तिसऱ्या गाण्याच्या मध्येच गिटारवाल्याची तार तुटली. त्याच्याकडे दुसरी गिटार नव्हती. तो तिथेच मांडी घालून बसला, बोटांनी खुंटी फिरवून तुटलेली तार काढू लागला, आणि ड्रम वाजवणाऱ्या मुलीने बेसवाल्याकडे नुसते पाहिले. त्या दोघांनी लय जराही न मोडता त्याच आवर्तनावर खेळायला सुरुवात केली. आवाज हळूहळू कमी केला, मग ठेका बदलला, मग पुन्हा मूळ ठेक्यावर आले. तोवर नवी तार चढली होती, सुरात आली होती, आणि गाणे जिथे सुटले होते तिथूनच पुढे सुरू झाले. हे सगळे आपल्यापासून चार हातांवर घडत होते. ज्या मैदानात पडद्यावर पाहावे लागते, तिथे तार तुटली तर पडद्यामागचा माणूस दुसरी गिटार आणून देतो आणि आपल्याला ते कळतही नाही.

कानांची काळजी घे, हे मी आई म्हणून नव्हे तर जुनी श्रोती म्हणूनही सांगते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो, आणि त्यावर प्रत्येक तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबलला ती पाव तासावर येते. रॉकच्या कार्यक्रमात १०० डेसिबल ही नेहमीची गोष्ट आहे. वादक वापरतात तसे इअरप्लग घेऊन ठेव. त्यांनी गाणे अस्पष्ट होत नाही, फक्त आवाज उतरतो. स्पीकरच्या तोंडाशी उभा राहू नकोस. साउंड इंजिनिअरच्या टेबलाजवळ उभा राहत जा, कारण तो तिथे ऐकूनच सगळ्यांचे आवाज जुळवत असतो. घरी आल्यावर कानांत शिटी वाजत राहिली, तर पुढचे काही दिवस कानांना विश्रांती दे, आणि ती थांबलीच नाही तर डॉक्टरांकडे जायला अजिबात वेळ लावू नकोस.

एक गोष्ट मी तुला कधी बोलून दाखवली नव्हती. रंगभवनात आम्ही मुली भिंतीलगत उभ्या राहत असू. पुढे जावे, वादकांची बोटे दिसतील अशा जागी उभे राहावे, असे फार वाटे, पण गर्दीत शिरलेल्या मुलीला कोणाचा तरी हात लागल्याशिवाय राहत नसे आणि तक्रार केली तर आलीस कशाला असे ऐकावे लागे. आज पुढच्या रांगेत मुली दिसतात, रंगमंचावरही दिसतात, ते पाहून मला किती बरे वाटते हे तुला कळणार नाही. तू उंच आहेस, दणकट आहेस. लोक एकमेकांना ढकलत नाचतात त्या वर्तुळात कोणी पडले तर आधी त्याला उचल, आणि एखाद्या मुलीला कोणी त्रास देताना दिसला तर गाण्यात गुंग असल्याचे सोंग करू नकोस. संयोजकांना बोलाव. तुझे मित्र असतील तर त्यांना तिथल्या तिथे थांबव. हळू गाणे सुरू असताना मोठ्याने गप्पा मारणाऱ्यांत तर तू नक्कीच नसशील, असे मी धरून चालते.

शेवटची लोकल चुकेल एवढा उशीर झाला, तर आधी मला कळव आणि मग टॅक्सी कर. मी जागीच असते.

पुढच्या महिन्यात मावशीकडे येणार आहे. त्या आठवड्यात परळला किंवा वांद्र्याला कोणता नवा बँड वाजवतो आहे ते पाहून ठेव आणि दोन तिकिटे काढ, दोन्ही पूर्ण किमतीची. पैसे मी देईन. आणि पहिल्या बँडच्या आधी पोचायचे आहे, त्यामुळे ऑफिसातून त्या दिवशी लवकर निघण्याची परवानगी आत्ताच घेऊन ठेव.

तुझी,
आई