सायलीस पत्र: आगीच्या आधीचा संप, आगीनंतरचा दंड

चि. सायली हिस,

अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध वाचला. चांगला उतरलाय, पण एका वाक्यावर मी अडलो: '१९११ च्या आगीमुळे अमेरिकेत कामगार कायदे सुधारले.' तुझ्या प्राध्यापकांना चालेल. कारखाना निरीक्षकाच्या नोकरीत हयात घालवलेल्या तुझ्या बापाला चालत नाही.

न्यूयॉर्कमध्ये ती आग लागली २५ मार्चला, शनिवारी, पगाराच्या दिवशी, सुटायच्या वेळी. तुमच्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रयोगशाळा आज ज्या इमारतीत आहेत, तिच्याच वरच्या तीन मजल्यांवर ट्रायंगल कंपनी बायकांचे ब्लाउज शिवून घ्यायची. १४६ जीव गेले, त्यात १२३ मुली आणि बायका. हे सगळं तू लिहिलंयस. त्याआधीचं मात्र गाळलंस.

नोव्हेंबर १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या महाविद्यालयाच्या सभागृहात शिवणकाम कामगारांची सभा भरली होती आणि पुढारी एकामागून एक सबुरीचा सल्ला देत होते. २३ वर्षांची शिवणकामगार क्लारा लेमलिक उठली, यिडिशमध्ये (पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या भाषेत) बोलली आणि सरळ संपाचा ठराव मांडून मोकळी झाली. वीस हजारांच्या आसपास कामगार, बहुतेक पोरसवदा मुली, भर थंडीत रस्त्यावर उतरल्या. पोलिसांचा मार खाल्ला, कोठडीत गेल्या. पुष्कळ कारखानदारांनी युनियनशी करार केले. ट्रायंगलच्या मालकांनी युनियनला शेवटपर्यंत दारात उभं केलं नाही. सुरक्षिततेचं गाऱ्हाणं त्या मुलींनी तेव्हाच मांडलं होतं. सबंध शहराला ते ऐकू यायला दीड वर्षाने आग लागावी लागली.

आता त्या कुलपाबद्दल. नवव्या मजल्यावर वॉशिंग्टन प्लेसच्या बाजूचं दार बंद होतं. सुटताना सगळ्यांनी ग्रीन स्ट्रीटच्याच दाराने जायचं, कारण तिथे मुलींच्या पिशव्या तपासायच्या. आगीनंतर मालकांवर खटला झाला, त्यात चोरीला गेलेल्या मालाची किंमत विचारली, तेव्हा २५ डॉलरच्या वर नव्हती हे मालक हॅरिसने स्वतःच कबूल केलं. असली दारं मी पाहिली आहेत गं. 'साहेब, चावी वॉचमनकडे असते' हे उत्तरही पाठ आहे. वॉचमन कुठाय, तर चहाला गेलाय.

आणि खरी मेख इथे आहे: कामाच्या वेळेत दाराला कुलूप लावू नये, हा कायदा न्यूयॉर्कमध्ये आगीच्या आधीपासूनच होता! नव्हती ती त्याची धास्ती. मग 'आगीमुळे कायदा आला' म्हणून कसं भागेल?

आगीनंतरची चौकशी समिती मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर, उपाध्यक्ष अल स्मिथ, दोघेही टॅमनी हॉल या न्यूयॉर्कमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेचे, म्हणजे मतांच्या राजकारणात मुरलेले. सुधारणा फक्त सज्जनांनी केली असं समजू नकोस. त्यांना कारखान्यांतून हिंडवलं कामगारांसाठी झटणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्सने. आगीच्या दिवशी लोक खिडक्यांतून उड्या टाकताना तिने डोळ्यांनी पाहिले होते. एका कारखान्यात आगीतून सुटायची वाट म्हणून भिंतीत एक भोक होतं. वॅग्नरला तिने त्यातून रांगत बाहेर काढलं. पलीकडे बर्फाने मढलेली लोखंडी शिडी, आणि तीही जमिनीच्या बारा फूट वर संपलेली. आमदाराला असं रांगायला लावलं की अहवाल आपोआप खणखणीत होतो! पुढच्या दोन-तीन वर्षांत तीसच्या वर कायदे झाले, श्रम विभागाची फेररचना झाली, निरीक्षक वाढले. पर्किन्सबाई १९३३ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या महिला कॅबिनेट मंत्री झाल्या, ते तू लिहिलंयसच.

हा रस्ता सरळही नव्हता. बेकरी कामगारांसाठी आठवड्याला ६० तासांची मर्यादा न्यूयॉर्कने घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये कराराच्या स्वातंत्र्याचं नाव घेऊन रद्द केली. पाचास चार मतांनी. उपाशी माणसाचं कसलं आलंय स्वातंत्र्य? असो, ते तुझ्या पेपराबाहेरचं.

मालक डिसेंबर १९११ मध्ये निर्दोष सुटले. कुलपाची त्यांना कल्पना होती, हे ज्युरीला पटलं नाही. १९१४ मध्ये दिवाणी दाव्यांत तडजोड झाली, गेलेल्या जीवामागे ७५ डॉलर. दरम्यान १९१३ मध्ये दुसरा मालक ब्लँक पुन्हा कामाच्या वेळेत दाराला कुलूप लावल्याबद्दल पकडला गेला. दंड २० डॉलर. रक्कम वाचून तुला चीड येईल, मलाही आली. पण या खेपेला दार आगीच्या आधी तपासलं गेलं होतं.

ते वाक्य बदल. क्लारा आणि हा २० डॉलरचा दंड, दोन्ही घाल. शब्दमर्यादा आड आली तर थिओडोर रूझवेल्टचा परिच्छेद खुशाल काप, तो तसाही लांबलाय.

तुझे,
बाबा