प्राणिशास्त्राच्या मॅडमना, एका कॉम्प्युटरवालीकडून

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

प्रबंध मान्य झाल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही "छान, आता पुढे काय?" एवढंच विचारलंत आणि मी आभाराचा शब्द काढायच्या आत "आईकडे फोन दे" म्हणालात. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता यावं असं लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे दिलंत त्याची गरज असलेली मुलं प्रत्येक कॉलेजात आहेत. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर सायन्सच्या वर्गात बसून मेंदूबद्दल वाचणारी, आणि खाली प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसून गणिताला बिचकणारी. त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. माझी तुमच्याशी पडली.

मी आले होते ती हातात एक शोधनिबंध घेऊन. संजॉय दासगुप्ता, चार्ल्स स्टीव्हन्स आणि साकेत नवलखा यांचा, २०१७ साली 'सायन्स'मध्ये आलेला. माझा विषय सारखेपणाच्या शोधाचा. लाखो फोटोंच्या ढिगातून एका फोटोसारखे दुसरे फोटो काढायचे. कॉम्प्युटरला फोटो म्हणजे आकड्यांची एक लांब यादी. प्रत्येक यादी दुसऱ्या प्रत्येक यादीशी ताडून बघत बसलं तर वेळ पुरत नाही. म्हणून प्रत्येकाला एक छोटी खूण द्यायची, अशी की सारख्या गोष्टींना सारख्याच खुणा मिळतील. आमच्या नेहमीच्या पद्धतीत लांब यादी दाबून आखूड करतात. या तिघांनी दाखवलं की फळमाशी वास ओळखताना नेमकं उलट करते, आणि फोटोंच्या प्रसिद्ध संचांवर माशीची रीत चालवून पाहिली तर ती आमच्या रीतीपेक्षा सरस ठरते.

मला तुमच्याकडून फक्त जीवशास्त्राचा भाग तपासून हवा होता. तुम्ही निबंध पूर्ण वाचलात आणि मग विचारलंत, "माशीला हे कशाला हवंय?"

या प्रश्नासाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. माझ्या डोक्यात तोवर माशी नव्हतीच, फक्त एक आकृती होती. तुम्ही माशी आणलीत. काही आठवड्यांचं आयुष्य, त्यात आंबत चाललेलं फळ शोधायचं, तिथेच अंडी घालायची. वास येतात ते वाऱ्याच्या झुळकीबरोबर, तुटक तुटक, दहा वासांत मिसळून, कधी उग्र तर कधी जेमतेम. आणि ज्या वासाबरोबर एकदा इजा झाली तो पुढच्या वेळी ओळखता आला पाहिजे. हे सगळं समोर ठेवल्यावर तुम्ही मला मक्याचं पीठ, गूळ, अगार आणि यीस्ट शिजवून बाटल्या भरायला शिकवलंत. कापसाचा बोळा किती घट्ट बसवायचा इथपासून. उन्हाळ्यात बाटल्या कुठे ठेवायच्या, बुरशी आली तर काय करायचं, ईथर किती द्यायचं म्हणजे माशी गुंगेल पण मरणार नाही, हे कुठल्याही शोधनिबंधात लिहिलेलं नसतं.

मग सूक्ष्मदर्शकाखाली शृंगिका, म्हणजे माशीच्या डोक्यावरची मिशी, दाखवलीत. तिच्यावरच्या केसांच्या आत वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांचे सुमारे ५० प्रकार, आणि एका प्रकारच्या साऱ्या पेशी, त्या शृंगिकेवर कुठेही असोत, मेंदूतल्या एकाच ठरलेल्या गोळीत, म्हणजे चेतातंतूंच्या गोल पुंजक्यात, जाऊन मिळतात. म्हणजे वास मेंदूत शिरतो तो सुमारे ५० आकड्यांची यादी होऊन. तिथून तो मशरूम बॉडी नावाच्या भागात जातो. तिथे प्रत्येक बाजूला २००० च्या आसपास केनियन पेशी आहेत. फ्रेडरिक केनियन यांनी १८९६ मध्ये मधमाशीच्या मेंदूत त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. यांतली एकेक पेशी ५० पैकी सहा-सात गोळ्यांचंच ऐकते. त्यानंतर एक मोठी चेतापेशी सगळ्यांना गप्प करते आणि सर्वांत जोरात बोलणाऱ्या साधारण ५ टक्केच उरतात. तेवढ्या शंभरेक पेशी म्हणजे त्या वासाची खूण. पन्नासाचे दोन हजार करायचे आणि मग त्यांतले शंभर ठेवायचे. वास थोडा वेगळा असला की खूण बरीच वेगळी होते. म्हणून एका वासाशी जोडलेली इजेची आठवण शेजारच्या वासाला सहसा चिकटत नाही. विजेचा धक्का बसला की डोपामिन त्या शंभर पेशींच्या पुढच्या जोडण्यांची ताकद बदलतं, बाकीच्या जशाच्या तशा राहतात.

इथवर मी वाचलेलं होतं. तुम्ही थांबलात त्याच्या आधीच्या पायरीवर, जी निबंधात दोन-चार ओळींत संपते आणि जिच्यावरून मी भराभर पुढे गेले असते. दुसऱ्या पायरीकडे जाण्याआधी माशीचा मेंदू त्या ५० आकड्यांचा एकूण जोर समान करतो. रेचल विल्सन यांच्या गटाने २०१० मध्ये हे दाखवलं आहे: प्रत्येक गोळीचा आवाज सगळ्यांच्या एकत्रित आवाजाच्या प्रमाणात दाबला जातो. तुम्ही विचारलंत, "वास कमी झाला की तो दुसरा वास होतो का? आणि वाढला की?"

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्यासाठी तुम्ही व्हिनेगर काढलंत. इंग्रजी वाय अक्षरासारखी काचेची नळी, एका बाजूला नुसतं पाणी, दुसऱ्या बाजूला व्हिनेगर. सौम्य असताना माश्या तिकडे धावल्या. तेच व्हिनेगर तीव्र केलं तेव्हा पाठ फिरवली. मग तुम्ही मला सेमेलहॅक आणि वांग यांचं २००९ चं काम वाचायला लावलंत. व्हिनेगर तीव्र झालं की आणखी एक गोळी जागी होते, आणि त्या एकीमुळे माशी मागे फिरते. म्हणजे जोर काढून टाकल्याने वास ओळखणं सोपं होतं, पण काही ठिकाणी जोर हाच निरोप असतो, आणि तो निरोप पोचवण्यासाठी माशीकडे वेगळी वाट आहे.

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण इथून निघालं. कॉम्प्युटरमध्ये आम्ही यादीचा जोर सवयीने सारखा करून टाकतो, कारण पुढचं गणित सोपं होतं. कोणत्या प्रकारच्या माहितीत तो जोर फेकणं योग्य आणि कुठे तो वेगळ्या वाटेने जपायला हवा, हे मी त्या प्रकरणात तपासलं. परीक्षकांनी सर्वाधिक वेळ त्याच प्रकरणावर घालवला. तुमचं नाव ऋणनिर्देशात आहे, पण खरं तर ते त्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर असायला हवं होतं.

दुसरी गोष्ट, ज्यासाठी मी आभार मानते, ती म्हणजे तुम्ही मला हा विषय परक्यांचा वाटू दिला नाहीत. मी सगळं अमेरिकेतून आलेलं समजून वाचत होते. तुम्ही कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची गोष्ट सांगितलीत. ओबेद सिद्दीकींनी तिथे १९६२ पासून रेणवीय जीवशास्त्राचा गट उभा केला, आणि पुढे फळमाशीच्या वासाची आणि चवीची जनुकं शोधायला सुरुवात केली. त्यांच्याकडे आलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज, मूळ गोव्याच्या कुटुंबात केनियात जन्मलेल्या आणि डब्लिनला शिकलेल्या. वास आणि चव न कळणाऱ्या माश्या शोधून काढत त्यांनी हे क्षेत्र घडवलं. नंतर त्या जर्मनीत ट्यूबिंगेनला गेल्या, जैविक सायबरनेटिक्सच्या माक्स प्लांक संस्थेत. तिथे एरिख बुखनर यांच्याबरोबर त्यांनी किरणोत्सारी साखरेसारखा पदार्थ वापरून, कोणत्या वासाला माशीच्या मेंदूचा कोणता भाग कामाला लागतो हे पाहिलं. १९८४ चा तो निबंध तुम्ही मला झेरॉक्स करून दिलात. २०१७ च्या त्या रीतीत जी पहिली यादी आहे, ती मेंदूत जागेवार मांडलेली असते हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या कामांपैकी ते एक आहे.

ट्यूबिंगेनवरून तुम्ही राइखार्ट आणि हासेनस्टाइन यांच्यावर आलात. एक भौतिकशास्त्रज्ञ, एक जीवशास्त्रज्ञ. त्यांनी एका भुंग्याला पाठीने हवेत टांगून त्याच्या पायांत एक हलका गोल दिला, ज्यावर वाटा सारख्या दोनांत फुटत होत्या. भोवती पट्ट्यांचा पडदा फिरवला की भुंगा चालता चालता डावी की उजवी वाट घेतो, एवढंच मोजायचं. त्या मोजण्यातून १९५६ मध्ये हालचाल ओळखण्याचं गणित निघालं: शेजारच्या दोन बिंदूंपैकी एकाचा संकेत थोडा उशिरा पोचवायचा आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. आज ते माशीच्या डोळ्याच्या अभ्यासातही आहे आणि उडत्या यंत्रांच्या अभ्यासातही. हे सांगताना तुमचा चेहरा किती खुलला होता! दोन शास्त्रांतली माणसं एका टेबलाशी बसली की काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि तुम्ही मला आवरही घातलात. "माशीचा मेंदू म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर" असं वाक्य मी मसुद्यात लिहिलं, की तुमची लाल शाई यायची. तुमचं म्हणणं असं की माशीची एक पायरी आपल्याला गणितात लिहिता आली, तर तेवढीच लिहावी. त्या पायरीच्या मागे भूक आहे, पंख आहेत, मरण आहे. ते गणितात नाही, आणि नाही हे सांगायला हवं. मी आता हे पूर्ण मानते. 'मेंदूपासून प्रेरित' अशी पाटी आज पुष्कळ निबंधांवर असते, आणि त्यांतल्या कितीतरी ठिकाणी पाटीखाली प्राणी सापडत नाही. माझ्या मते काम खरं तेव्हा, जेव्हा गणित परत प्राण्याकडे जाऊन त्याला नवा प्रश्न विचारतं. आपल्या डोक्यातल्या लहान मेंदूचं, म्हणजे सेरेबेलमचं, तसं झालं. १९६९ मध्ये डेव्हिड मार आणि १९७१ मध्ये जेम्स अल्बस यांनी त्याच्याबद्दल हेच म्हटलं होतं: थोड्या तारांवरून आलेला संकेत असंख्य बारीक पेशींवर पसरवायचा आणि मग शिकायचं. अल्बस यांनी त्यावरून यंत्रमानवाचे हात चालवण्याची रीत बनवली, आणि प्रयोग करणारे त्यांचे अंदाज आजही पेशींवर तपासत आहेत. माणसाच्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज लहान मेंदूत असतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी दोनदा विचारलं होतं.

केनियन पेशी कोणत्या गोळ्यांना जोडल्या जातात ते निव्वळ योगायोगाने ठरतं, असं २०१३ च्या एका कामावरून बरेच जण मानत होते, आणि २०१७ ची रीतही त्याच गृहीतकावर उभी आहे. तुम्ही सुरुवातीलाच म्हणाला होतात, "निसर्गात योगायोग म्हणण्यापूर्वी जरा थांब." पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून जोडण्यांचे नकाशे आले, आणि काही खाद्यवासांच्या गोळ्या अपेक्षेहून जास्त वेळा एकाच पेशीत येतात असं दिसलं. मग २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रौढ माशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला: १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातल्या सुमारे ५ कोटी जोडण्या. तो नकाशा कोणालाही उघडून पाहता येतो. आपण दोघींनी तो तुमच्या लॅपटॉपवर पाहिला, आणि तुम्ही गोळ्यांची नावं न अडखळता सांगत गेलात.

तुमचा त्यात कसलाही स्वार्थ नव्हता. मी तुमच्या विभागाची नव्हते, तुमच्या नावावर माझी नोंद नव्हती, निवृत्तीनंतरच्या तुमच्या सकाळी तुम्ही मला दिल्यात. चहाबरोबर रोज काहीतरी खायला, आणि मी निघताना पिशवीत नवी बाटली. हे सगळं तुम्ही "मलाही मजा येते गं" या चार शब्दांत उडवून लावता, पण मजा येत असतानाही माणूस इतका वेळ दुसऱ्याला देतोच असं नाही. मला तो मिळाला, याची जाणीव मला रोज असते.

आता एक विनंती. इथे मी शिकवते त्या कॉलेजात कॉम्प्युटर आणि प्राणिशास्त्र अशा दोन्ही विभागांतली काही मुलं शनिवारी एकत्र बसू लागली आहेत. वाय नळी आणली आहे, व्हिनेगरही आहे. बाटल्यांत मात्र बुरशी येते आहे, आणि माझ्या हातचं अगार तुमच्यासारखं घट्ट होत नाही. दोन-तीन शनिवार तुम्ही आलात तर मुलांना तुमच्याकडून बाटली भरायलाही शिकता येईल आणि प्रश्न विचारायलाही. गाडी मी पाठवीन, गुडघ्यांना त्रास होईल असा जिना नाही, प्रयोगशाळा तळमजल्यावरच आहे. कोणता शनिवार सोयीचा ते कळवा.

काकांना नमस्कार.

तुमची,
वर्गात कधीच न बसलेली विद्यार्थिनी