सासूबाईंपुढे अहिराणीच लिही

इंदिरानगर, नाशिक

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तू फोन केलास तेव्हा दारात गॅसवाला उभा होता, म्हणून आता सविस्तर लिहिते.

अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेच्या, म्हणजे तिकडच्या जनगणना खात्याच्या पाहणीच्या फॉर्मचा तू पाठवलेला फोटो चष्मा लावून वाचला. भाषेचा प्रश्न अख्ख्या घराला मिळून नाही, माणसागणिक आहे. इंग्रजीशिवाय घरी दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्रजी कितपत येतं: फार चांगलं, चांगलं, फारसं नाही, अजिबात नाही. म्हणजे तुझ्यापुढे मराठी आणि सासूबाईंपुढे अहिराणी असं खुशाल लिहिता येईल. त्या दोन महिन्यांहून जास्त राहणार आहेत, तेव्हा त्यांना धरायचंच. जावईबापूंचं त्यांनाच ठरवू दे. आईशी अहिराणी, बायकोशी मराठी, आणि जागा एकाच भाषेपुरती!

"अहिराणी कशाला, मराठीच लिही" हे सासूबाईंचं म्हणणं मला नवीन नाही. 2011च्या जनगणनेत मी प्रगणक होते, सातपूरकडच्या चाळी माझ्याकडे होत्या. सटाणा-कळवणकडची बरीच बिऱ्हाडं. मातृभाषा विचारली की बाई म्हणायची, "मराठीच लिहा मॅडम," आणि लगेच आत वळून पोराला, "काय करी ऱ्हायना रे?" सांगतील तेच लिहायचं अशी आम्हाला सूचना, मी मराठी लिहून पुढच्या दारात. एरवी तोंडभर अहिराणी, सरकारी कागद दिसला की संकोच. तरीसुद्धा त्या वेळी खानदेशी भाषागटात 18 लाखांवर माणसं नोंदली गेली, अहिराणी त्यातच येते. न सांगणारे किती असतील, तूच बघ.

आता सासूबाईंच्या इंग्रजीचं. त्यांचं मन राखायला तू 'चांगलं'वर खूण करशील, ओळखते मी तुला. तसं करू नकोस. दुकानात थँक्यू म्हणणं वेगळं आणि छातीत नेमकं कसं दुखतंय ते डॉक्टरला सांगणं वेगळं. आपल्या जनगणनेत येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारतात, कितपत येतात ते नाही. तिकडे मात्र 'फार चांगलं'च्या खालचं काहीही लिहिलं की तो माणूस इंग्रजी कमी येणाऱ्यांत मोजतात, आणि कुठे कोणत्या भाषेत मदत लागेल हे त्यावरून बघतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये मतपत्रिका बंगालीत मिळू लागली, त्यामागे हेच आकडे होते. सासूबाई तिथे मत द्यायच्या नाहीत, पण दवाखान्यात दुभाष्या त्यांनाही लागेल की.

धाकट्याला पाच पूर्ण नाहीत, त्याला हा प्रश्नच नाही. थोरलीपुढे 'मराठी' लिहायच्या आधी तिला निदान रविवारी माझ्याशी मराठीत बोलायला लाव. मागच्या खेपेला "आजी, आय ॲम बिझी" म्हणून फोन ठेवलान तिने.

तुझी,
आई