स्लॉट कॅन्यनचे फोटो छान, पण पाण्याचं काय?

संपादक महोदय, स.न.वि.वि.
पुरवणीतला अमेरिकेतल्या स्लॉट कॅन्यनवरचा (म्हणजे पाण्याने खडकात कोरलेल्या अरुंद, खोल घळींवरचा) लेख वाचला, फोटो एक नंबर, पण पाण्याच्या लोंढ्याबद्दल एक ओळ नाही म्हणून लिहितोय. आम्ही सहाजण युटातल्या झायन नॅशनल पार्कमधल्या कीहोल कॅन्यनमध्ये उतरलो होतो, वर रणरणतं ऊन आणि आत दोन्ही खांदे भिंतीला घासतील एवढीच फट, साचलेलं पाणी इतकं गार की वेटसूट घालूनही दात वाजत होते. ह्याच कीहोलमध्ये १४ सप्टेंबर २०१५ ला लोंढा आला आणि सातजणांचा अख्खा ग्रुप दगावला. ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनला १२ ऑगस्ट १९९७ ला अशाच लोंढ्यात ११ पर्यटक दगावले, आणि पाऊस पडला होता काही मैल लांब! आत उतरायचं परमिट मिळालं म्हणजे जिवाची गॅरंटी नव्हे हो. आमच्यातला एकजण सुरुवातीलाच ढग बघून परत फिरूया म्हणाला तर सगळे हसले, मीपण (खोटं कशाला बोलू). दोरावरून पहिला कडा उतरून तो दोर खाली ओढून घेतला की वर जायची वाट संपते, हे मला दोर हातात आल्यावर कळलं. आपल्याकडच्या सांदण दरीत पावसाळ्यात कोणी शिरत नाही, तेवढं तरी छापायचं होतं.
– एक वाचक, पुणे