तलाव बंद असतो, तेव्हाचे काय?

महोदय,

मे महिना लागला की लोणावळा, कर्जत, अलिबागकडच्या ‘प्रायव्हेट पूल’वाल्या बंगल्यांचे बुकिंग मिळेनासे होते. जाहिरातीतला फोटो ठरलेला असतो. दिवाणखान्याची सरकती काचेची दारे सताड उघडी आणि दोन पावलांवर निळेशार पाणी. ज्यांच्या घरात दीड-दोन वर्षांचे मूल आहे त्यांनी हा फोटो जरा नीट बघावा.

आपल्याकडे तलावाची सुरक्षा म्हणजे जीवरक्षक, त्याची शिट्टी आणि ‘मुलांनी पालकांसोबतच यावे’ ही पाटी. हा सगळा बंदोबस्त पोहण्याच्या वेळेपुरता. धोका मात्र तलावावर कोणी नसतानाच जास्त. मोठी माणसे जेवायला बसलेली किंवा सामान आवरण्यात गुंतलेली असतात आणि मूल दुसऱ्या कोणाकडे तरी असेल, असे प्रत्येकाला वाटत असते. एवढेसे मूल बुडताना ओरडतही नाही. (पाटी वाचणे तर दूरच.)

ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्यात घरगुती तलावांसाठी १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे. कुंपण किमान १.२ मीटर उंच हवे आणि गजांमध्ये व जमिनीलगत १० सेंटिमीटरहून मोठी फट नको. फाटक तलावाच्या विरुद्ध दिशेने उघडणारे आणि सोडल्यावर आपोआप मिटून कडी बसणारे लागते. कुंपणाला लागून चढता येईल अशी खुर्ची किंवा कुंडी चालत नाही. फाटकाला वीट लावून ते उघडे ठेवले तर दंड होतो. घर भाड्याने द्यायचे तर तलावाचे प्रमाणपत्र लागते. न्यूझीलंडमध्ये दर तीन वर्षांनी तपासणी होते. फ्रान्सच्या २००३ च्या कायद्याने कुंपण, आच्छादन, बंदिस्त छप्पर किंवा गजर यांपैकी एक सक्तीचे केले. यातला गजर मला पटत नाही, कारण मूल पाण्यात पडल्यावर तो वाजणार.

आमच्या सोसायटीच्या सभेत कुंपणाचा विषय मांडला, तर ‘तलावाची शोभा जाईल’ म्हणून तो बारगळला. अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीला हीच मंडळी बिल्डरला न विचारता जाळी ठोकतात, तेव्हा इमारतीची शोभा कुणाला आठवत नाही!

महापालिका आणि नगर परिषदांनी भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी कुंपण आणि फाटक जागेवर जाऊन बघावे. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांत तर कुंपणाशिवाय तलावात पाणीच भरू देऊ नये. तोवर बुकिंग करणाऱ्यांनी फोनवर खोल्या किती, जेवण व्हेज की नॉनव्हेज हे विचारताना, तलावाला फाटक आहे का आणि ते आपोआप बंद होते का, तेही विचारावे.

— एका गृहनिर्माण संस्थेचा सभासद, पुणे